टाकळीचे दगड वाचणारे पाद्री : स्टीफन हिस्लॉप

श्रोतेहो, हिस्लॉप हे नाव ऐकले नाही असा माणूस आपल्या भागात विरळाच. काटोलची कितीतरी मुले त्या नावाच्या कॉलेजात शिकून आली. परंतु हिस्लॉप म्हणजे कोण, असे विचारले तर 'असेल कुणी इंग्रज साहेब' एवढ्यावर भागवले जाते. वास्तविक ते इंग्रज नव्हते आणि सरकारी साहेबही नव्हते. ते स्कॉटलंडचे पाद्री होते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर झाले. पाद्र्याची कथा आमच्यासारख्याने का सांगावी, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. उत्तर शेवटी आपोआप मिळेल.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स गावी झाला. त्यांच्या उमेदीच्या वयात त्या देशात एक मोठे भांडण पेटले होते. गावच्या चर्चमध्ये पाद्री कोण नेमायचा? जमीनदार म्हणत, तो आमचा हक्क. भाविक मंडळी म्हणत, ज्याचा उपदेश आम्ही ऐकायचा तो आमच्या पसंतीचा हवा. सरकार आणि न्यायालये जमीनदारांच्या बाजूने उभी राहिली. तेव्हा १८४३ साली सुमारे ४७० पाद्री सरकारमान्य चर्चचा पगार आणि राहते घर सोडून बाहेर पडले व त्यांनी 'फ्री चर्च' स्थापन केले. पुढारी होते टॉमस चामर्स. हिस्लॉप त्यांचेच विद्यार्थी. तत्त्वासाठी पोटावर पाय देण्याची ही गोष्ट. आम्ही जिला संप म्हणतो, तिची ही सख्खी बहीणच म्हणायची.

अशा चर्चचे पाद्री म्हणून हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. तेव्हा गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. रेल्वे नव्हती, गिरणी नव्हती. हिस्लॉप यांनी मराठी शिकून घेतली आणि १८४६ साली शाळा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर येऊन मिळाले. धर्मोपदेश, शाळा, कामठीच्या छावणीतले काम आणि खेड्यापाड्यांतून फिरती, असा त्यांचा दिनक्रम होता.

या फिरतीतूनच त्यांना दगड वाचण्याचा नाद लागला. १८५१ साली हिस्लॉप आणि हंटर यांना टाकळी येथे दगडात रुतलेले जीवावशेष सापडले. ही टाकळी म्हणजे काटोलहून नागपुरात शिरताना लागणारा भाग. आपल्या मोटारी रोज तिच्यावरून जातात. तिथे काय होते, ते समजून घेऊ. आपल्या शेताखालचा काळा फत्तर हा थंड झालेला लाव्हा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर असा पसरला. ते सारे एका दमात झाले असते तर दोन थरांमध्ये काही सापडले नसते. पण टाकळीला दोन थरांच्या मध्ये गोड्या पाण्यातले शंख, झाडांची बीजे, किड्यांचे अवशेषही मिळाले. याचा अर्थ असा की, एक थर निवाल्यावर बराच काळ गेला. त्यावर तळी साचली, झाडे वाढली, जीव नांदले, आणि मग दुसरा थर येऊन सारे झाकून गेला. कामठी-सिल्लेवाड्याच्या वालुकाश्मात तर बंगालच्या कोळसाखाणींतल्या पानांशी जुळणाऱ्या पानांचे ठसे त्यांना दिसले. पुढे त्याच परिसरात दगडाखाली कोळसा निघाला आणि हजारो हातांना खाणीचे काम मिळाले. नागपूरच्या भूस्तरांवरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने छापला. एका हिरव्या खनिजाला 'हिस्लॉपाइट' असे नावही मिळाले.

दगडांइतकेच त्यांनी माणसांकडे पाहिले. गोंड लोकांची भाषा, चालीरीती, देव यांची टिपणे त्यांनी केली. लिंगोची गाथा एका परधानाच्या तोंडून उतरून घेतली. ज्या लोकांना शहरी माणूस 'जंगली' म्हणून मोकळा होत होता, त्यांच्याही जवळ इतिहास आणि काव्य आहे, हे त्या टिपणांनी कागदावर आणले. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली.

आता खात्याची दुसरी बाजू. जमेच्या रकमा वाचून नावेचे पान झाकणे आमच्या चळवळीत चालत नाही. हिस्लॉप धर्मांतर घडवण्यासाठीच आले होते, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. १८५७ च्या जूनमध्ये नागपुरात उठावाची तयारी झाली, तेव्हा एका मुसलमान स्नेह्याने दिलेला इशारा त्यांनी अधिकाऱ्यांच्या कानावर घातला. उठाव फसला आणि सीताबर्डीच्या किल्ल्यावर माणसे फासावर गेली. देशाच्या दृष्टीने ही रक्कम नावेच पडते. परंतु तेच हिस्लॉप पुढे नागपूरच्या ब्रिटिश कारभारातील गैरव्यवस्थेवर वर्तमानपत्रांतून कोरडे ओढत होते, हेही त्याच खात्यात लिहिलेले आहे. माणूस हा असा असतो. त्याला एका ओळीत बसवता येत नाही.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टेंपल यांच्याबरोबर बोरीजवळच्या टाकळघाटला प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यासाठी गेले. इतर मंडळी परतली. गावची शाळा तपासण्यासाठी हिस्लॉप मागे थांबले. संध्याकाळी एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेतला ओढा पाण्याने भरला होता. मुक्कामी घोडा आला, स्वार आला नाही. सेहेचाळीस पुरे व्हायला चार दिवस उरले होते. शेवटचे काम कोणते, तर खेड्यातल्या मुलांची परीक्षा.

त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ साली निघाले. पण कॉलेजच्या पाटीपेक्षा त्यांचा वारसा मोठा आहे, असे आम्हाला वाटते. पायाखालचा दगड आणि शेजारचा माणूस, दोन्ही वाचता येतात. त्यासाठी चिकाटी लागते, सरकारी हुद्दा लागत नाही, हा तो वारसा. त्याच्याबरोबर एक देणेही येते. खनिजाला पाद्र्याचे नाव मिळाले. गाथा सांगणाऱ्या परधानाचे, दगड फोडणाऱ्या मजुराचे नाव कशालाही मिळाले नाही. विद्या एकट्याच्या डोक्यातून निघत नाही, तिच्यामागे पुष्कळांचे हात असतात.

काटोल रस्त्यावर, नागपूरच्या अलीकडे, जुनापाणीला तशीच प्राचीन शिळावर्तुळे आहेत. येत्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. दगड दाखवा, आणि ते कुणी रचले असतील हा प्रश्न त्यांना विचारू द्या. पाद्री हिस्लॉप यांना त्याहून चांगली श्रद्धांजली आम्हाला सुचत नाही.