मीटर कुठे चुकतंय, हे आकडाच सांगतो
लेखमाला : सायकलची निगा, भाग ८

गेल्या आठवड्यात ब्रेक पाहिले, आता हँडलवरच्या बिनतारी मीटरकडे वळू. वायरचं मीटर बिघडलं की तुटलेली वायर बहुधा डोळ्यांना दिसते. बिनतारी मीटरमध्ये सगळं जागच्या जागी दिसतं आणि तरी वेग शून्य! मग आपण सेल बदलतो, सेन्सर सरकवतो, बटणं दाबतो, आणि तेही सगळं एकदम. मीटर चालू होतं, पण कशामुळे झालं ते कळत नाही. चार दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याआधी चुकीचा आकडा नीट वाचायचा.

पुढच्या चाकाच्या एका स्पोकवर चुंबक असतं, चिमट्यावर सेन्सर. बहुतेक साध्या सेन्सरमध्ये काचेच्या बारीक नळीत लोखंडी धातूच्या दोन नाजूक पट्ट्या असतात. चुंबक समोरून गेलं की त्या क्षणभर एकमेकींना चिकटतात आणि सेन्सर एक संदेश सोडतो. मीटर हे संदेश मोजतं, त्यांना चाकाच्या घेरानं गुणतं आणि अंतर काढतं. ७००×२८ टायरचा घेर साधारण २१३६ मिलिमीटर. म्हणजे ताशी २० किलोमीटरनं जाताना सेकंदाला अडीचपेक्षा थोडे जास्त संदेश यायला हवेत. त्यातले मधले काही गळले की वेग खाली-वर उड्या मारतो आणि अंतर कमी भरतं.

वेग शून्य असेल तर सायकल उभी करून पुढचं चाक उचला आणि हातानं फिरवा. चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरूनच जातंय का, ते बघा. दोघांमधली फट साधारण पाच मिलिमीटरच्या आत असावी. पट्टी लावून मोजा, नजरेच्या अंदाजावर जाऊ नका. आपल्याकडच्या रस्त्यांवर केबल टाय ढिला होतो, सेन्सर चिमट्यावर केसभर वळतो आणि फट वाढते. वरून बघताना ते मुळीच लक्षात येत नाही. फट बरोबर असूनही आकडा हलत नसेल, तर मीटर हँडलवरून काढून सेन्सरच्या शेजारी धरा आणि पुन्हा चाक फिरवा. आता आकडा आला, तर चुंबक आणि पट्ट्या ठीक आहेत, संदेश वरपर्यंत पोचत नाही एवढंच. साध्या मीटरचा पल्ला जेमतेम साठ-सत्तर सेंटिमीटरचा असतो. सेन्सर फार खाली बसवला असेल तर वर घ्या, पण चुंबकही स्पोकवर तेवढंच सरकवावं लागेल. तरीही सुधारलं नाही, तर संशय सेन्सरच्या सेलवर.

सेलची गोष्ट लासलगावकरांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावी. हिवाळ्यात निफाड तालुक्याचा पारा किती उतरतो ते सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर थंडीत वर्तमानपत्रात येतोच. बाजार समितीत हिशेब लिहिणारे माझे एक स्नेही पहाटे विंचूरच्या बाजूला सायकलवर जातात. त्यांचं मीटर जाताना बंद आणि ऊन वर आल्यावर परतताना चालू. त्यांनी सेल मल्टिमीटरवर तपासला होता आणि तो जवळजवळ ३ व्होल्ट दाखवत होता, म्हणून सेलवरचा संशय त्यांनी सोडून दिला होता. नवं मीटर घ्यायचंही ठरलं होतं. पण जुन्या सेलचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो. नुसतं मोजलं की व्होल्टेज पुरेसं दिसतं, संदेश सोडायला क्षणभर वीज ओढली की ते कोसळतं. मी त्यांना सेन्सरचा सेल काढून मुठीत ऊब द्यायला सांगितलं. परत बसवला आणि आकडा उमटला. दोष तिथेच सापडला, नव्या सेलवर काम भागलं. सेल सीआर२०३२ असेल तर जाडी ३.२ मिलिमीटर, त्याऐवजी पातळ सीआर२०२५ बसवू नका, धक्क्यानं त्याचा संपर्क सुटतो. पावसाळ्यानंतर आतल्या पितळी पट्टीवर हिरवट थर दिसला तर तो कोरड्या कापडानं पुसून काढा.

आता उलट तक्रार. सायकल उभी आहे आणि मीटर ताशी ४० दाखवतंय. इथे सेल किंवा चुंबकाला दोष देऊ नका. मीटर भलताच संदेश मोजतंय. जुन्या पद्धतीची साधी मीटरं शंभर-सव्वाशे किलोहर्ट्झच्या आसपास ऐकतात आणि कोण बोलतंय हे त्यांना ओळखता येत नाही. हँडलवरचा एलईडी दिवा, त्यातला वीज नियंत्रित करणारा भाग, हा यातला सगळ्यात मोठा गुन्हेगार. दिवा बंद करून बघा. आकडा शांत झाला तर दिवा मीटरपासून लांब, हेल्मेटवर लावा. डीपीजवळ, उच्चदाबाच्या तारांखाली किंवा मुंबई-भुसावळ लोहमार्गाच्या २५ हजार व्होल्टच्या तारेपाशी आकडा नाचला, तर ती जागा ओलांडेपर्यंत थांबायचं, मीटर उघडायचं नाही. दोघे शेजारी चालवताना तुमच्या मीटरवर मित्राचा वेगही येऊ शकतो. सांकेतिक क्रमांक पाठवणाऱ्या किंवा २.४ गिगाहर्ट्झवरच्या मीटरांना हा त्रास क्वचितच होतो. मात्र सेल बदलल्यावर त्यातल्या काहींची सेन्सरशी जोडणी नव्यानं करावी लागते, आणि ती करताना दुसऱ्याची सायकल जवळ नको.

उरली एक चूक, जिला बिनतारीपणाशी काही देणंघेणं नाही. महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांशी अंतर ताडून पाहा. प्रत्येक वेळी सारख्याच प्रमाणात कमी भरत असेल, तर संदेश नीट येताहेत, घेराचा आकडा चुकलाय. कधी बरोबर, कधी कमी, असं असेल तर वर सांगितलेल्या तपासण्यांकडे परत जा. नाशिकमधून दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला जाणाऱ्यांना हा फरक महागात पडतो. तिथे साडेतेरा तासांची मर्यादा असते आणि वळणं कागदावर किलोमीटरनं दिलेली असतात. शेकडा दोनची चूक म्हणजे शेवटी चार किलोमीटरचा घोळ.

घेर मोजायला टायरमध्ये नेहमीएवढी हवा भरा. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खडूनं खूण करा. सायकलवर बसा, कारण वजनानं टायर दबतो आणि घेर थोडा कमी होतो. कुणाला तरी हँडल धरायला सांगून चाकाचा एक पूर्ण फेरा सरळ रेषेत घ्या, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मीटरात भरा. टायर बदलला की पुन्हा मोजा.