डेटाबेसचा पासवर्ड बदलताना

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीतल्या एखाद्या हिमरूच्या दुकानाची वेबसाइट घ्या. शालींची यादी, दर, ऑर्डरी हे सगळं मायएसक्यूएल डेटाबेसात असतं. तो उघडणारा ‘वापरकर्ता’ मात्र दुकानदार नव्हे, खुद्द वेबसाइटच. साइट सांभाळणारा मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला, की या वापरकर्त्याचा पासवर्ड बदललेला बरा. होस्टिंगच्या सीपॅनेलमध्ये डेटाबेसच्या विभागात वापरकर्त्याच्या नावापुढे ‘चेंज पासवर्ड’ असतं. जुना पासवर्ड तिथे दिसत नाही, कारण सर्व्हर तो जपतच नाही. गणिताने काढलेला, उलट न फिरवता येणारा हॅश तेवढा ठेवतो.

खरी गंमत पुढेच आहे. साइट वर्डप्रेसवर असेल, तर त्याने मात्र तोच पासवर्ड ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ फाइलीत साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. तिथे नवा घातला नाही, तर साइट लगेच बंद! २०१९ मधल्या मायएसक्यूएल ८.०.१४ पासून जुना-नवा दोन्ही पासवर्ड काही काळ चालू ठेवता येतात, पण त्यासाठी वेगळी आज्ञा द्यावी लागते.

नवा पासवर्ड पॅनेललाच बनवू द्या. तो कुणाला पाठ करायचा नाही, मग ‘देवगिरी’ किंवा गाडीचा ‘एमएच २०’ हवाच कशाला?