टर्बोभरण, लहान मोटारगाडीचे

टर्बोभरण, लहान मोटारगाडीचे : अंतर्ज्वलन एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर एक लहान टरबाइन फिरवून, त्याच दंडावर बसविलेल्या केंद्रोत्सारी संपीडकाने हवा दाबून ती एंजिनात भरण्याच्या क्रियेस टर्बोभरण व त्यासाठी योजलेल्या साधनास टर्बोभरक असे म्हणतात. संपीडक एंजिनाच्या भुजादंडावरून पट्ट्याने किंवा दंतचक्रांनी चालविल्यास त्यास यांत्रिक अतिभरण म्हणतात. कारखान्यातच टर्बोभरक बसवून निघालेल्या गाड्या आता सर्वत्र आढळतात. प्रस्तुत नोंदीत मात्र टर्बोभरकाविना तयार झालेल्या लहान पेट्रोल गाडीस तो मागाहून, घरच्या घरी किंवा लहान दुरुस्तीशाळेत जोडण्याचा विचार केला आहे.

अशी इच्छा कोठे निर्माण होते हे समजण्यास कोकणातील एका रस्त्याचे उदाहरण पुरेसे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील हातखंबा येथे मुंबई–गोवा राष्ट्रीय महामार्गास (क्र. ६६, पूर्वीचा क्र. १७) रत्नागिरी शहराकडून येणारा रस्ता मिळतो. कोल्हापूरकडे जाणारी वाहने येथून पालीपर्यंत महामार्गाने जातात व पुढे साखरपा आणि आंबा घाट या मार्गाने सह्याद्री चढतात. समुद्रसपाटीजवळून निघालेली गाडी दोन-तीन तासांच्या आत सु. ६०० मी. उंचीवर जाते. आठशे घ. सेंमी. एंजिनाच्या गाडीत पाच माणसे, मागे आंब्याच्या पेट्या आणि वातानुकूलन चालू अशा स्थितीत पुढील मालट्रक ओलांडणे कठीण पडते, आणि ‘एंजिनाला टर्बो लावला तर?’ हा प्रश्न चालकाच्या मनात येतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र टर्बोभरकापेक्षा एंजिनाच्या बाकीच्या भागांवर अधिक अवलंबून आहे.

तत्त्व : एंजिनाची शक्ती त्यात किती इंधन जळते यावर अवलंबून असते व इंधन किती जळावे हे त्यास मिळणाऱ्या हवेच्या वस्तुमानावरून ठरते. साध्या एंजिनात दट्ट्या खाली जाताना वातावरणाच्या दाबाने जेवढी हवा आत येईल तेवढीच येते. टर्बोभरक हवा दाबून आत सारतो. परंतु हवा दाबली की तापते, आणि तापलेली हवा पुन्हा विरळ होते. या एका गोष्टीत सर्व अडचणींचे मूळ आहे.

मारुती ८०० ही गाडी (निर्मिती १९८३–२०१४) उदाहरणार्थ घेऊ. तिच्या कार्ब्युरेटर असलेल्या सुरुवातीच्या प्रकारात ७९६ घ. सेंमी. चे तीन सिलिंडरांचे एंजिन होते. त्याची शक्ती सु. ३७ अश्वशक्ती व संपीडन गुणोत्तर ८·७ होते. कोकणातील हवेचे तापमान ३२° से. धरले आणि संपीडकाने ती वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत नेली, तर संपीडकाची कार्यक्षमता ६५ टक्के असताना बाहेर पडणारी हवा सु. ९०° से. तापलेली असते. म्हणजे दाब दीडपट झाला तरी घनता केवळ सव्वापट होते. ही हवा मध्ये आंतरशीतक बसवून ५०° से. पर्यंत निवविली, तर घनता सु. १·४ पट होते. कागदावर ३७ अश्वशक्तीचे ४६, आणि आंतरशीतकासह ५२ होतात. हवा दाबण्यास सु. ३ अश्वशक्ती लागते. ती एरवी धुराड्यातून वाया जाणाऱ्या वायूंपासून मिळते हा टर्बोभरकाचा खरा गुण. मात्र निष्कास मार्गात अडथळा आल्याने दट्ट्यावर प्रतिदाब वाढतो, तेव्हा ती सर्वस्वी फुकट मिळते असेही नाही.

आता सिलिंडरात काय घडते ते पाहू. ३२° से. तापमानाची हवा ८·७ पट आवळली की ढोबळ हिशेबाने तिचे तापमान सु. ३५०° से. होते, ९०° से. ची हवा तितकीच आवळली तर ते ४६५° से. च्याही वर जाते. ठिणगी पडल्यावर ज्योत पसरत असताना तिच्या पुढील न जळलेले मिश्रण अशा तापमानास आपोआप पेट घेते. यालाच ठोका म्हणतात. कानाला तो डब्यात खडे हलविल्यासारखा ऐकू येतो. अतिभरित एंजिनात पुष्कळदा तो ऐकू येण्यापूर्वीच नुकसान झालेले असते. दट्ट्याच्या कड्यांमधील पट्ट्या तुटतात, माथ्याला भोक पडते, गॅस्केट फुटते. कारखाने म्हणूनच टर्बोभरित पेट्रोल एंजिनाचे संपीडन गुणोत्तर बेताचे ठेवतात, ठिणगी उशिरा पाडतात आणि ठोका ओळखणारा संवेदक बसवितात. घरी जोडणी करणारा मनुष्य बहुधा यांपैकी एकही गोष्ट करीत नाही. [⟶ अंतर्ज्वलन एंजिन].

इतिहास : आल्फ्रेट ब्यूची या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे एकस्व १९०५ मध्ये घेतले, व्यवहारात यश येण्यास आणखी वीस वर्षे लागली. विमानाच्या एंजिनाची शक्ती उंचीवर घटते, यावर उपाय म्हणून अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंच शिखरावर लिबर्टी एंजिनास टर्बोभरक लावून चाचण्या घेतल्या. मोटारगाडीत तो येण्यास १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेअरचा एक प्रकार आणि ओल्ड्समोबील जेटफायर या दोन टर्बोभरित गाड्या विक्रीस आल्या. जेटफायरची कथा या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. तिचे संपीडन गुणोत्तर १०·२५ इतके चढे ठेवले होते व ठोका टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण हवेत फवारले जाई. मालक ते भरावयास विसरत. मग गाडी अडखळे. शेवटी पुष्कळ गाड्यांवरील टर्बोभरक उतरवून साधे कार्ब्युरेटर बसवून देण्यात आले. एवढ्या मोठ्या कारखान्यास जे साधले नाही, ते पुढे साब ९९ टर्बोने (१९७७-७८) साध्य केले. ठराविक दाबानंतर निष्कास वायूंचा काही भाग टरबाइन टाळून जाऊ देणारी उपमार्ग झडप बसवून, टर्बोभरक शर्यतीसाठी नव्हे तर रोजच्या वापरासाठी जुळविण्यात आला.

डीझेल एंजिनात सिलिंडरात आवळली जाते ती नुसती हवा. त्यामुळे पेट्रोल एंजिनातील ठोक्याचा प्रश्न तेथे येत नाही व टर्बोभरण सहज मानवते. महामार्गावरील अवजड मालट्रक टर्बोभरित असतात ते यामुळेच. पुण्यात तयार झालेल्या टाटा इंडिका (१९९८) या गाडीच्या १,४०५ घ. सेंमी. डीझेल एंजिनास प्रथम टर्बोभरक नव्हता. त्याचा टर्बोभरित प्रकार नंतर आला. टाटा कंपनीने १,१९३ घ. सेंमी. चे ९० अश्वशक्तीचे टर्बोभरित पेट्रोल एंजिन झेस्ट या गाडीत २०१४ मध्ये दिले.

लहान पेट्रोल एंजिन टर्बोभरण सोसू शकते की नाही, या शंकेचे उत्तर जपानात मिळते. सुझुकीने १९८७ मध्ये आल्टो वर्क्स ही गाडी काढली. तिचे तीन सिलिंडरांचे एंजिन केवळ ५४३ घ. सेंमी. चे, म्हणजे मारुती ८०० च्या एंजिनाहूनही लहान असून त्यातून ६४ अश्वशक्ती मिळे. परंतु त्या एंजिनास प्रत्येक सिलिंडरास चार झडपा, इंधन अंतःक्षेपण आणि आंतरशीतक होता. ते मुळात त्यासाठीच जुळविलेले होते. त्या गाडीचा दाखला देऊन येथे जुन्या एंजिनावर टर्बोभरक चढविणारे उत्साही तरुण हा फरक विसरतात.

जोडणीतील अडचणी : सर्वांत नाजूक बाब इंधनाची. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ पट हवा लागते. अतिभरित एंजिनात मात्र पूर्ण भारावर मिश्रण १२ च्या आसपास, म्हणजे अधिक इंधनाचे ठेवावे लागते, कारण जास्तीच्या इंधनाच्या बाष्पीभवनाने सिलिंडर निवतो. कार्ब्युरेटर टर्बोभरकाच्या पुढे ठेवल्यास त्याच्या तरंड्याच्या कोठीवरही तोच दाब द्यावा लागतो आणि इंधन पंपाचा दाब तेवढ्याने वाढवावा लागतो. अन्यथा ऐन गरजेच्या वेळी पेट्रोल येणे थांबते. अंतःक्षेपण असलेल्या नंतरच्या गाड्यांत दाबमापक संवेदक वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचण्यासाठी असतो. त्यापुढील हवा नियंत्रकाला दिसत नाही. तो पूर्वीइतकेच इंधन सोडतो, मिश्रण पातळ होते व दट्ट्या वितळतो. नियंत्रकाची आज्ञावली नव्याने जुळविणे आणि मोठी अंतःक्षेपके बसविणे यांवाचून गत्यंतर नसते. भारतात २० टक्के एथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२५ पर्यंत सर्वत्र पोहोचले. एथेनॉलमुळे ठोक्यास प्रतिकार वाढतो खरा, परंतु तेवढ्याच हवेस इंधन अधिक लागते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने मिश्रण आणखी पातळ होते.

दुसरी बाब टर्बोभरकाच्या निवडीची. भंगारातून सहज मिळतो तो बहुधा डीझेल गाडीचा. डीझेलचे निष्कास वायू पूर्ण भारावर सु. ७००°–८००° से. असतात, पेट्रोलचे ९००° से. किंवा त्याहून अधिक. डीझेलसाठी घडविलेल्या टरबाइनच्या धातूस ही उष्णता फार काळ सोसत नाही. शिवाय तो मोठ्या एंजिनासाठी असल्याने लहान एंजिनाच्या वायूंनी पुरेसा फिरत नाही. लहान टर्बोभरकाचा दंड मिनिटाला दोन लाखांवर फेरे घेतो व तो तेलाच्या पातळ थरावर तरंगणाऱ्या धाव्यांत, म्हणजे बेअरिंगांत फिरतो. त्यास एंजिनाचे दाबाखालील तेल द्यावे लागते आणि ते रुंद नळीने, निव्वळ उताराने तेलपात्रात परत यावे लागते. परतीची नळी अरुंद किंवा आडवी ठेवल्यास तेल साचते, टरबाइनमध्ये झिरपते व गाडी निळा धूर ओकू लागते. घाट चढून माथ्यावर गाडी तत्काळ बंद केली, तर तप्त दंडावरील तेल करपून कोळसा होते. म्हणून मिनिटभर एंजिन मंद चालू ठेवावे असा दंडक आहे. घरी वितळजोड करून बनविलेली निष्कास नळी तापून-निवून तडकते. पेट्रोलची नळी किंवा ब्रेकची नळी तिच्याजवळून गेलेली असेल, तर धोका केवळ एंजिनापुरता राहत नाही.

आता मूळ घाटाकडे वळता येईल. प्रवाशांसह ९०० किग्रॅ. भरणारी गाडी पंधरास एक चढावर ताशी ४० किमी. वेगाने नेण्यास सु. ११ अश्वशक्ती पुरते. ती ३७ अश्वशक्तीच्या एंजिनात आहेच. चौथ्या गिअरमध्ये या वेगास मारुती ८०० चे एंजिन मिनिटाला सु. १,६००–१,७०० फेरे घेते व जेमतेम १२-१३ अश्वशक्ती देते. त्यातील काही भाग चाकापर्यंत पोहोचेतो घर्षणात जातो. गाडी गुदमरते ती येथे. तिसऱ्या गिअरमध्ये फेरे अडीच हजारांच्या आसपास येऊन २० च्या जवळपास अश्वशक्ती हाती येते. याउलट १,७०० फेऱ्यांना एवढ्या लहान एंजिनाचे निष्कास वायू इतके थोडे असतात, की मागाहून लावलेला टर्बोभरक त्या ठिकाणी जवळजवळ काहीच देत नाही. तो जागा होतो तोवर वळण आलेले असते. माथ्यावर हवेचा दाब सु. ७ टक्क्यांनी कमी होतो हे खरे, पण तेवढ्यासाठी टर्बोभरक लावणे म्हणजे डासासाठी तोफ आणणे होय. झडपा, ठिणगी-गुडद्या, हवा गाळणी व क्लच नीट असलेली गाडी खालच्या गिअरमध्ये हा घाट निमूटपणे चढते.

उतरताना टर्बोभरकाचा उपयोग नसतो. वाढलेल्या वेगाचा भार मात्र मूळच्याच ब्रेकांवर येतो. ६०० मी. उतरताना ९०० किग्रॅ. च्या गाडीची सु. ५३ लाख जूल ऊर्जा मुख्यतः एंजिनाच्या रोधाने व ब्रेकांनी जिरवावी लागते. शक्ती वाढविणाऱ्याने ब्रेक, टायर आणि क्लच यांचा विचार आधी केला पाहिजे, हा क्रम दुरुस्तीशाळांत उलटा झालेला दिसतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलांहून वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात या कलमाचा असाच अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२अ प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनी असा बदल पुढे करून भरपाईस हरकत घेऊ शकते. त्याची झळ गाडीतील इतरांना आणि रस्त्यावरील तिऱ्हाइतासही बसण्याचा संभव असतो.