पेशी आणि पिशवी

केज तालुक्यातल्या आमच्या गावी ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशींना मी विचारलं होतं, "पिशवी का काढलीत?"

"डॉक्टर म्हणले, नाही काढली तर कॅन्सर हुईल."

"तपासणी केली होती?"

"तपासणी कशाची गं बाई!"

हे उत्तर परवा पुन्हा आठवलं, ते कॅन्सरवरच्या एका संशोधनाविषयी वाचताना. गाठीतून सुटलेल्या काही पेशी रक्तात फिरत असतात. १८६९ साली ऑस्ट्रेलियातल्या थॉमस ॲशवर्थ यांनी एका मृत रुग्णाच्या रक्तात त्या पाहिल्या. अब्जावधी रक्तपेशींत त्या जेमतेम चारदोन. तरीही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील डॅनियल हेबर आणि श्यामला महेश्वरन यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या सहा रुग्णांच्या अशा पेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत कित्येक महिने वाढवल्या, त्यांच्यावर निरनिराळी औषधं घालून पाहिली आणि २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केलं. खत टाकण्याआधी माती तपासावी, तसंच हे. मात्र फार थोड्या रुग्णांच्या पेशी अशा वाढतात. त्यामुळे हा अजून रोजचा उपचार झालेला नाही.

ही विद्या आपल्याला परकी नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम करून परतल्या आणि मुंबईत त्यांनी देशातली पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

आणि आमच्याकडे? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीसमोर जे आकडे आले, त्यांत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. कारणं अनेक असतील. पण कॅन्सरची भीती त्यांतलं एक होतं.

खरं तर उत्तर शेजारीच होतं. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने लाखावर स्त्रियांची पाहणी झाली. गर्भाशयाच्या तोंडातल्या पेशी घेऊन एकदाच केलेली एचपीव्ही तपासणी आणि वेळेवर उपचार, एवढ्याने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये तो निष्कर्ष जगापुढे आला.

तिकडे औषध देण्याआधी पेशीला विचारायची धडपड चालली आहे. इकडे मावशींची अख्खी पिशवी गेली, तरी एका पेशीलाही कुणी विचारलं नाही. म्हणून बायांनो, ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी एवढंच म्हणा, "डॉक्टरसाहेब, आधी तपासणीचा रिपोर्ट दाखवा."