जुनी मोटारसायकल : आधी थांबली पाहिजे, मग धावली पाहिजे

सुतार असो, प्लंबर असो, इलेक्ट्रिशियन असो की दुकानातून गिऱ्हाइकाच्या घरी माल पोहोचविणारा लहान व्यापारी असो, मोटारसायकलीवाचून आज त्याचे काम अडते. नवी गाडी हप्त्यावर घेतली तर हप्ता हा नफ्यातला कायमचा भागीदार होऊन बसतो. म्हणून गिरगावपासून लालबागपर्यंत आपले अनेक कारागीर बंधू दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी घेतात आणि घरच्या घरी दुरुस्त करून कामाला लावतात. यात गैर काहीच नाही. मात्र गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यात तिच्यावर कोणते काम आधी केले, यावरून ती कमावणार की खाणार हे ठरते.

बहुतेक नवे मालक सुरुवात रंग, सीट आणि आरशांपासून करतात. गाडी चमकते, पण ब्रेक तसाच राहतो. मग एखाद्या पावसाळी सकाळी उड्डाणपुलाच्या उतारावर त्याची किंमत मोजावी लागते. आम्ही सुचवितो तो क्रम उलट आहे : आधी कागद, मग ब्रेक व टायर, मग पेट्रोलची वाट, मग ठिणगी व इंजिन, त्यानंतर दिवे आणि सर्वांत शेवटी रंग.

गाडी निवडताना

जुन्या गाडीची खरी किंमत तिचे सुटे भाग किती सहज मिळतात यावर अवलंबून असते. हिरो होंडाची सीडी 100 ही गाडी 1985 साली बाजारात आली आणि स्प्लेंडर 1994 साली. या गाड्यांचे सुटे भाग कोणत्याही नाक्यावर मिळतात. बुलेटचेही तसेच. यामाहाच्या आरएक्स 100 चे उत्पादन 1985 साली सुरू झाले व 1996 साली थांबले. येझदी बनविणारा म्हैसूरचा आयडियल जावा कारखानाही 1996 सालीच बंद पडला. जावा हे नाव 2018 साली व येझदी हे नाव 2022 साली बाजारात परतले, पण त्या गाड्या नव्या बांधणीच्या आहेत. त्यांचे इंजिनाचे भाग जुन्या येझदीला बसत नाहीत. तेव्हा हौस म्हणून येझदी किंवा आरएक्स अवश्य घ्यावी. रोज सकाळी धंद्याला निघायचे असेल, तर ज्या गाडीची क्लच केबल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते तीच गाडी बरी.

मुंबईत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. दादर-परळचा हिंदमाता परिसर पावसाळ्यात तुंबतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून पुसून विकली जाते. इंजिन ऑइलची काडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे असे समजावे. हेडलाइटची काच उघडून आतल्या वायरिंगवर गाळ व गंज आहे का तेही तपासावे. गिरगावसारख्या समुद्राजवळच्या वस्तीत उघड्यावर राहिलेल्या गाडीची चौकट खालच्या बाजूने, जोड दिलेल्या जागी, नीट न्याहाळावी.

आधी कागद

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा. एक आकडा जरी वेगळा असला तरी सौदा करू नये. गाडीवर कर्जाचा बोजा नोंदलेला असेल तर फॉर्म 35 देऊन तो आधी उतरवून घ्यावा. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 व 30 लागतात आणि घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. दक्षिण व मध्य मुंबईच्या एमएच 01 क्रमांकाच्या गाड्यांचे काम ताडदेवच्या आरटीओत होते. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेता ओळखीचा आहे म्हणून नाव बदलण्याचे काम पुढे ढकलू नये. अपघात झाला की ओळख बाजूला राहते आणि कागदच बोलतो.

नोंदणीला 15 वर्षे झाली की ती नव्याने करून घ्यावी लागते व पुढे दर 5 वर्षांनी तपासणी होते. महाराष्ट्रात अशा गाड्यांना पर्यावरण कर पडतो. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेटही बसवून घ्यावी लागते. हा सारा खर्च गाडीची किंमत ठरविण्यापूर्वीच मोजून ठेवावा.

मग ब्रेक आणि टायर

जुन्या गाड्यांना बहुधा ड्रम ब्रेक असतात. चाक उतरवून ब्रेक शूचे अस्तर पाहावे. ते झिजून पातळ झाले असेल किंवा त्याला ग्रीस लागले असेल तर शू बदलावेत. घासून काम भागवू नये. ड्रममध्ये बोटाला खाचा लागत असतील तर तो लेथवर द्यावा. आत साठलेली काळी धूळ तोंडाने फुंकू नये, कारण जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने धूळ टिपून ते फडके पिशवीत बांधून फेकावे.

टायरची नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असे समजू नये. बाजूवर चार आकडे छापलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला टायर. रबर वयाने कडक होते आणि ओल्या रस्त्यावर घसरते. बाजूला बारीक भेगा दिसल्या की टायर बाद समजावा.

चेन सैल असेल तर घट्ट करावी, पण स्प्रॉकेटचे दात वाकड्या नखासारखे झाले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदलावेत. जुन्या दातांवर घातलेली नवी चेन लवकर झिजते. येथे वाचविलेले पैसे पुढे दुप्पट होऊन जातात.

पेट्रोलची वाट

बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत गंज आणि गाळ असतो. टाकी रिकामी करून सायट्रिक आम्ल किंवा व्हिनेगर घातलेले पाणी भरून ठेवावे, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे आणि पूर्ण वाळवावे. हे काम चाळीच्या खोलीत किंवा गॅलरीत करू नये. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरते आणि शेजारच्या शेगडीपर्यंत पोहोचते. मोकळ्या जागेत, विडी-सिगारेटपासून दूर, दिवसाच्या उजेडात हे काम उरकावे. टाकी रिकामी दिसली तरी तिला आगीची झाळ घरी कधीही लावू नये.

कार्बोरेटर उघडताना प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्यावा आणि स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. जेटच्या छिद्रात तार घालू नये. पितळ मऊ असते, छिद्र मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. क्लीनर व हवेच्या दाबाने जेट साफ करावेत.

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर पाइप व गॅस्केट त्यासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि गळतात. शिवाय इथेनॉल हवेतील ओल शोषते. म्हणून सगळे रबरी भाग सुरुवातीलाच नवे टाकावेत, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटरचे पेट्रोल काढून ठेवावे.

ठिणगी आणि इंजिन

प्लग हा इंजिनाची नाडी सांगतो. टोक फिक्या तपकिरी रंगाचे असेल तर प्रकृती ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. पांढरे पडले असेल तर पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे. जुन्या बुलेट व येझदीत पॉइंट असतात. त्यांची फट साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवतात. फीलर गेजची पट्टी स्वस्त असते, ती जवळ असावी.

चार स्ट्रोकच्या गाडीतून निळा धूर निघत असेल तर रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्हचे सील झिजले आहे. दोन स्ट्रोकच्या गाडीत थोडा धूर स्वाभाविकच, पण गाडीला ओढ नसेल तर सायलेन्सरमधील कार्बन आधी साफ करून पाहावा. अनेकदा इंजिन उघडण्याची वेळ तेथेच टळते.

घरचे काम येथे संपते. सिलिंडरचा बोअर करणे, क्रँक जुळविणे, चौकटीला जोड देणे ही कामे लेथवाल्याची व वेल्डरची. बोअर केल्यावर 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर मोठ्या मापाचा पिस्टन बसतो. पिस्टन आधी विकत घ्यावा आणि त्याच्याच मापाने बोअर करवून घ्यावा.

दिवे आणि सुधारणा

जुन्या गाडीचा उजेड कमी म्हणून जास्त वॅटचा बल्ब लावणे ही नेहमीची चूक. होल्डर वितळतो, वायर तापते आणि बॅटरी बसते. आधी सर्व अर्थिंगचे जोड घासून साफ करावेत, कुजलेली वायर बदलावी. निम्मा उजेड तेथेच परत मिळतो. 6 व्होल्टची गाडी 12 व्होल्टवर नेता येते, पण त्यासाठी कॉइल, रेग्युलेटर, हॉर्न व सर्व बल्ब बदलावे लागतात. ते जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करवून घ्यावे.

कोणती सुधारणा चालते याची मर्यादा कायद्याने घातली आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतील मूळ तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हीच गोष्ट स्पष्ट केली. वेगळी चौकट, मोठे इंजिन किंवा कर्कश सायलेन्सर यांवर घातलेला पैसा दंडात जातो. चांगले टायर, साडी गार्ड, मागे बसणाऱ्यासाठी पकड, मजबूत स्टँड या धंद्याच्या माणसाच्या सुधारणा होत.

बाजार आणि हिशेब

सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसचा परिसर, हत्यारे व बेअरिंगसाठी नागदेवी, वायरसाठी लोहार चाळ आणि जुन्या मूळ भागांसाठी चोर बाजार. हे सारे एका दिवसात पायी फिरता येते. जुना भाग सोबत न्यावा व दुकानदारापुढे मापाला माप लावून पाहावे. ब्रेक शू, केबल आणि टायर मात्र जुने घेऊ नयेत. इंजिनाचे कव्हर, हँडल, टाकी असे ओतीव व पत्र्याचे भाग जुने चालतात.

हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी. समजा, गाडी 20,000 रुपयांची आहे आणि खिशात 30,000 आहेत, तर वरचे 10,000 हे रंगाचे नाहीत. ते कागद, ब्रेक आणि टायर यांचे आहेत. त्यातून उरले तरच रंग. निकामी तेल गटारात न ओतता भंगारवाल्याला द्यावे.

जो कारागीर एकदा स्वतः चाक उतरवतो, त्याला पुढे कोणीही न झिजलेला शू झिजला म्हणून विकू शकत नाही. गाडी रस्त्यात अडली तर त्याचा दिवस बुडत नाही, कारण दोष कोठे आहे ते त्याला ठाऊक असते. दुरुस्तीत वाचलेल्या पैशापेक्षा हे हुन्नर अधिक मोलाचे आहे, आणि घरातील मुलाला ते शेजारी बसवून शिकविता येते.