पांढरी दोन, काळी दोन आणि जॅझ

जॅझ म्हटले की आपल्याकडच्या पुष्कळ सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे हॉटेल, धूर आणि धांगडधिंगा एवढेच उभे राहते. पारोळ्यात, भुईकोट किल्ल्यापासून हाकेच्या अंतरावर चारपाच माणसे रविवारी चटया टाकून जॅझच्या तबकड्या ऐकतात, हे सांगितले तर वाचक हसतील. खुशाल हसावे!

आमच्या मैफलीत तबला शिकवणारे एक नाना आहेत. डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’ ही १९५९ सालची तबकडी लावली, तेव्हा त्यांनी प्रथम नाक मुरडले. मग ‘टेक फाइव्ह’ सुरू झाले आणि त्यांची बोटे मांडीवर चालू लागली. तीन-दोन, तीन-दोन. “अहो, हा तर झपताल! फक्त तिसऱ्या मात्रेपासून धरलाय,” नाना म्हणाले. हिशेब बिनचूक होता. ब्रूबेक १९५८ साली मुंबईस आला होता आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवूनही गेला, हे कळल्यावर तर नानांनी त्याला गुरुबंधूच करून टाकले.

खरा वाद पेटला तो माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’वरून. तीही १९५९चीच. तिच्यातल्या पहिल्या ‘सो व्हॉट’ या रचनेत स्वर सरळ काफी थाटाचे आहेत. चारचार मात्रांची सोळा आवर्तने पांढरी दोनच्या षड्जावर, पुढची आठ काळी दोनवर, मग आठ पुन्हा मूळ जागी. नाना उखडले. “गाता गाता षड्ज हलवायचा? तंबोऱ्याने काय करावे?” मी म्हटले, “नाना, त्यांच्याकडे तंबोराच नाही.” ते त्यांना पटले नाही, आजही पटलेले नाही. मला मात्र ती अर्ध्या स्वराची उडी प्रत्येक वेळी नवी वाटते.

एका रविवारी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारे एक आप्पा येऊन बसले. डेव्हिस ऐकून त्यांनी फक्त एवढेच विचारले, “हाई कोन शे?” वेष्टनावर सातही वादकांची नावे होती, ती मी वाचून दाखवली. पियानो दोघांनी वाजवला आहे, हेही सांगितले. आप्पा बराच वेळ ते वेष्टन हातात धरून होते.

मग मी सी. रामचंद्रांच्या संगीताचे, १९५१च्या ‘अलबेला’तले ‘शोला जो भडके’ लावले. आप्पा खुलले. तीस वर्षे वरातीत वाजवलेले गाणे! गाणारे कोण, नाचणारे भगवानदादा, सारे त्यांना पाठ. पण असल्या गाण्यांत जॅझची फुंक कोणी आणली, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. रामचंद्रांचे साहाय्यक चिक चॉकलेट. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचे. मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवणारे असे कितीतरी गोवेकर दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. तबकडीवर गायकाचे नाव येई, संगीतकाराचे येई, यांचे क्वचितच. वाझ १९६७ साली वारले.

आप्पांनी खिशातून वरातींच्या तारखांची वही काढली.

“सर, ते नाव इथं लिहून द्या. मोठ्या अक्षरात.”