युरोपातील लिथियम खाणकाम : गुंतवणुकीच्या संधी आणि मर्यादा

प्रस्तावना : विद्युत मोटारींच्या लिथियम-आयन बॅटऱ्यांसाठी युरोप आज मुख्यतः आयातीवर अवलंबून आहे. हे अवलंबित्व कमी करण्यासाठी युरोपीय संघाने २०२४ मध्ये कायदा केला. त्यानुसार २०३० पर्यंत लिथियमसारख्या धोरणात्मक कच्च्या मालाच्या वार्षिक गरजेपैकी किमान १० टक्के उत्खनन व ४० टक्के प्रक्रिया संघातच व्हावी, असे उद्दिष्ट आहे. साहजिकच गुंतवणूकदारांचे लक्ष या क्षेत्राकडे वेधले गेले आहे. परंतु भूगर्भात साठा असणे म्हणजे खाण सुरू होणे नव्हे.

यादारचे उदाहरण : संघाच्या सदस्यत्वाचा उमेदवार असलेल्या सर्बियातील यादार खोऱ्यात रिओ टिंटो कंपनीला २००४ मध्ये लिथियमयुक्त नवे खनिज आढळले. २०२१ मध्ये कंपनीने २४० कोटी डॉलरची गुंतवणूक जाहीर केली. मात्र शेती व पाणी दूषित होण्याच्या भीतीने व्यापक आंदोलने झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये शासनाने परवाने रद्द केले. जुलै २०२४ मध्ये प्रकल्पास पुन्हा वाट मिळाली, तेव्हा आंदोलनेही पुन्हा पेटली. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने प्रकल्प केवळ देखभालीपुरता ठेवण्याचे ठरविले.

बाजारभाव : २०२२ च्या अखेरीस उच्चांक गाठलेले लिथियमचे भाव पुढील दोन वर्षांत ८० टक्क्यांहून अधिक घसरले. खाण उभारण्यास मात्र अनेक वर्षे लागतात.

निष्कर्ष : सारांश, साठ्याचे आकारमान हा गुंतवणुकीचा एकमेव निकष ठरू शकत नाही. मंदीतही परवडणारा उत्पादनखर्च आणि स्थानिक शेतकऱ्यांची संमती हे निकषही तितकेच निर्णायक होत.